हार्मोनचा पॅच लावताय? मग पोटरीकडं लक्ष ठेवा

दिवस राहू नयेत म्हणून कातडीवर चिकटवायचा हा पॅच कुठं लावायचा ते पाकिटावरच असतं. दंडाची बाहेरची बाजू, पोट, पाठ नाहीतर कुल्ला, स्तनांवर मात्र नाही. आठवड्याला एक असे 3 आठवडे, चौथा मोकळा.

आधी बीपी मोजा. आणि डॉक्टरनं विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा: वय 35 च्या वर असून बिडी-सिगारेट आहे का, कधी रक्ताची गुठळी झाली होती का, अर्धशिशी उठायच्या आधी डोळ्यापुढं चमकणाऱ्या रेषा येतात का, बाळंतपण नुकतंच झालंय का. यातलं एक जरी असलं तर पॅच नको, कॉपर-टी किंवा छाया या बिनहार्मोनच्या गर्भनिरोधक गोळीचं विचारा, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वजन 90 किलोच्या पुढं असलं किंवा टीबीची रिफाम्पिसिन चालू असली तरी सांगा, पॅच नीट काम करत नाही.

मळमळ, स्तन जड वाटणं, मधेच डाग लागणं हे बहुतेकींचं 2-3 महिन्यांत कमी होतं. खाज आली तर पुढचा पॅच दुसऱ्या जागी.

आता खरं अवघड काम. पॅचमधलं इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्त गोठायचं प्रमाण वाढवतं, आणि 35 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळीपेक्षा पॅचमधून ते साधारण 60 टक्के जास्त अंगात जातं, अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएनं 2005 लाच हा इशारा छापायला लावला. गुठळी क्वचितच होते, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तिचा धोका याहून जास्त असतो, त्यामुळं घाबरून पॅच उपटू नका. पण सुरुवातीच्या महिन्यांत डोळे उघडे ठेवा.

अडचण अशी की आपल्याकडं पाय कुणाचे दुखत नाहीत? दिवसभर कापूस वेचला, ऊस तोडला की पाय भरून येणारच. हा फरक ओळखायला मलाही वेळ लागला, म्हणून नीट सांगते. कामाचं दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं आणि रात्री झोपलं की उतरतं. गुठळीचं बहुतेक वेळा एकाच पायात, पोटरी फुगते, गरम लागते, लालसर दिसते, उभं राहिलं की वाढतं. शिवणकामाचा टेप घ्या, दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजा. 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर त्याच दिवशी दवाखाना, आणि फरक कमी भरला पण बाकीची लक्षणं आहेत तरीही जायचंच.

आणि तेल लावून रगडू नका! "पाय दुखायलाय, जरा चोळून दे" हे आपल्याकडं सगळ्यात आधी होतं आणि हाच सगळ्यात वाईट सल्ला आहे, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, छातीत कळ आली, बोलताना जीभ अडखळली, एका डोळ्यानं दिसेनासं झालं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, तर सरळ 108 ला फोन.

दवाखान्यात पहिलं वाक्य हेच, "मी हार्मोनचा पॅच लावते." किती तरी जणी सासूपासून लपवून लावतात आणि सोबत सासूच आलेली असते, मग त्या गप्प बसतात आणि डॉक्टर दुखण्याची गोळी देऊन घरी पाठवतात. सांगायला जमत नसेल तर पॅच दाखवा, आणि पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते बघायची तपासणी) लागेल का ते तोंडानं विचारा.