ऊसतोड टोळीतल्या लेकरांच्या लसी सुटू नयेत म्हणून काय करायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, जालना, पाथर्डीकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत तिकडंच. ऑगस्टच्या शेवटी जन्मलेलं बाळ धरा, पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस दीड महिन्याला गावात होतो आणि अडीच, साडेतीन महिन्यांचे दोन्ही डोस फडावर असताना येतात. गावातल्या यादीत त्याच्यापुढं 'स्थलांतरित' लिहिलेलं, कारखान्याकडच्या यादीत त्याचं नावच नाही. हे लोक लस नाकारतात असं सर्रास बोललं जातं, पण बऱ्याचदा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं हो.

म्हणून पहिलं काम सप्टेंबरात, गावात. मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्याला गाठा, कारण उचल (आगाऊ पैसे) कुणी घेतली आणि कोण कुठल्या कारखान्याला चाललंय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्याच्याकडून नावं घ्या, मग आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यासोबत बसून ५ वर्षांखालची लेकरं आणि गरोदर बाया वेगळ्या काढा. निघायच्या आधी जे डोस बसतात ते सगळे देऊन टाका, कार्डाचा फोटो आई-बाप दोघांच्या मोबाईलमधे ठेवा, यू-विनवर (सरकारची लसीकरण नोंदीची ऑनलाइन यंत्रणा) नोंद करा. आणि यादी तिकडच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) नुसती पाठवू नका, फोन करून मिळाली का विचारा.

आता कारखान्याकडं काम करणाऱ्यांसाठी. टोळ्या कुठं उतरल्यात हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि चिटबॉयला (शेतावरचा कारखान्याचा माणूस) माहीत असतं, त्यांना धरून कोप्यांचा (टोळीच्या झोपड्यांचा) नकाशा करा आणि दर महिन्याला बदला कारण टोळी हलत राहते. लसीकरण सत्राची वेळ हा सगळ्यात मोठा घोळ आहे. बाया पहाटेच फडात जातात, आपण उपकेंद्रात सकाळी दहाला सत्र लावतो, मग येणार कोण? सत्र कोप्यांवरच घ्या, तेही संध्याकाळी त्या परतल्यावर, आणि मुकादमाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

कार्ड नाही, आधार नाही, पत्ता बाहेरचा आहे म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही. सरकारी लस देशात कुठंही फुकट मिळते. डोस लांबला तरी कोर्स पहिल्यापासून सुरू करायचा नसतो, जिथं थांबला तिथून पुढं, दोन पेंटांत किमान ४ आठवडे. एमआर (गोवर-रुबेलाची लस) ९ महिन्यांची चुकली असेल तर ५ वर्षांपर्यंत देता येते, आणि ही तर अजिबात सोडू नका, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवरानं लेकरं गेली, कोप्यांवर पण तशीच दाटी असते.

लसीच्या डब्याकडं नीट बघा. लस २ ते ८ डिग्रीत राहायला हवी, पण आपण सगळे उन्हाला घाबरतो आणि बर्फाला विसरतो. डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक तसाच भरला तर पेंटा गोठून वाया जाते. पॅक बाहेर ठेवा, वरून पाणी सुटलं आणि हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच भरा. आणि एमआर, बीसीजी (क्षयरोगाची लस) एकदा कालवली की ४ तासांत संपवायची, उरली तर टाकायची, त्यात कंजूषपणा नको.

तापाचं आधीच सांगा. रात्री लेकरू तापलं की सकाळी आईचा खाडा होतो आणि त्याचे पैसे कापले जातात, बऱ्याच घरांत पुढच्या वेळी 'नको' येतं ते यामुळं. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, पॅरासिटॅमॉल किती आणि कधी द्यायचं हे आईला आणि घरी लेकरं सांभाळणाऱ्या म्हातारीलाही समजावून सांगा, गोळ्या हातात द्या, ताप उतरला नाही तर फोन कुणाला करायचा ते कार्डावर लिहा. लस दिल्यावर अर्धा तास थांबवा, त्या वेळात कोणती लस दिली, पुढची कधी, कार्ड कुठं जपायचं हे सगळं बोलून होतं.

पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आधी, साधारण मार्चच्या सुरुवातीला, इकडं दिलेल्या डोसांची आणि तिकडंच जन्मलेल्या बाळांची यादी त्यांच्या गावच्या आशाताईला पाठवून द्या, कारण या नव्या बाळांचं नाव गावाच्या यादीत अजून आलेलंच नसतं.