बॅग आली नाही, जुंगफ्राऊवर ढग: युरोपच्या ग्रुप टूरमध्ये मूड कसा टिकवायचा

ग्रुप टूरला निघालं की सगळे एकच सल्ला देतात, "काही झालं तरी एन्जॉय करायचं हं!" हा सल्ला देणाऱ्याची बॅग बहुतेक कधी राहिलेली नसते. नुसतं ठरवून कोणाचा मूड टिकत नाही. गडबड झाल्या झाल्या दोनचार कामं उरकायची असतात, ती झाली की डोकं मोकळं होतं, पण ती कामं कुठली हे कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितेय. इन्शुरन्स, गोळ्या, एक जोड कपडे केबिन बॅगेत वगैरे तुम्ही केलेलंच असेल.

किरकोळ गोष्टी आधी. बसमध्ये मागची सीट मिळाली, तर बहुतेक टूरमध्ये सीट रोज बदलतात, गप्प बसा. जेवणात परत पनीर, खा. हायवेवर टॉयलेटला पैसे पडतात, नाणी खिशात ठेवा आणि दर वेळी रुपयात हिशोब करू नका.

आता बॅग. सगळ्या टूरचा मूड इथेच जातो, आणि मलाही सगळ्यात उशिरा जमलेली गोष्ट हीच.

बेल्ट थांबला, तुमची बॅग नाही. बाहेर बस उभी, ग्रुपमधले सगळे ट्रॉल्या घेऊन तयार, टूर मॅनेजर घड्याळ बघतोय, आणि कोणीतरी काका म्हणतात, "चला हो, हॉटेलवरून फोन करू." अजिबात हलायचं नाही. बेल्टच्या हॉलमध्येच बॅगेज सर्व्हिसचं काउंटर असतं, तिथे पीआयआर म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, बॅग न आल्याची लेखी नोंद, भरायचा आणि त्याचा रेफरन्स नंबर घेऊनच बाहेर पडायचं. एकदा कस्टम्सच्या दारातून बाहेर गेलात की परत आत येणं कटकटीचं, आणि फोनवर तर तुम्ही रांगेतच राहता. बस थांबते, त्यासाठीच टूर मॅनेजर असतो, चार लोक तोंड वाकडं करतील तर करू देत.

ग्रुप चेक-इनची एक गंमत असते, पुष्कळदा सगळ्या बॅगांचे टॅग एकाच माणसाच्या नावावर निघतात. तेव्हा मुंबईलाच, काउंटरवरून हलायच्या आधी, आपल्या बॅगेच्या टॅगचा फोटो काढून ठेवा, नाहीतर पॅरिसला तुम्ही कुणा भलत्याच कुलकर्णींची बॅग शोधत बसाल.

फॉर्मवर पत्ता विचारतात आणि सगळे घाईत त्या रात्रीच्या हॉटेलचा लिहितात. झालं! बॅग दोन दिवसांनी तिथे पोचते तेव्हा तुम्ही दुसऱ्या देशात, मग ती तुमच्या मागे, तुम्ही पुढे, अशी वरात स्वित्झर्लंडपर्यंत चालते. आयटिनररी काढा, दोन-तीन रात्री सलग जिथे मुक्काम आहे ते हॉटेल शोधा आणि तोच पत्ता तारखांसकट द्या. सोबत एक तारीखही सांगा, की याच्यापुढे उशीर होणार असेल तर बॅग सरळ मुंबईला पाठवा. फोन नंबर दोन लिहा, तुमचा ९१ लावून आणि टूर मॅनेजरचा.

मग खरेदी. गरजेपुरते कपडे, टूथब्रश, चार्जर घ्या आणि बिलं जपून ठेवा, एअरलाइनकडे मागायला लागतात. रविवार असेल तर जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये बाजार बंद असतो, पण मोठ्या रेल्वे स्टेशनांमधली दुकानं उघडी असतात, तिकडे जा. बॅगेत एअरटॅग (बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारी चकती) असेल तर दिवसातून एकदाच बघा. बॅग फ्रँकफर्टला आहे हे दर दहा मिनिटांनी बघून ती फ्रँकफर्टहून हलत नाही.

इथपर्यंत कागदाचं काम. पुढचं जास्त अवघड, कारण आता तुमची बॅग अख्ख्या बसची झालेली असते. नाश्त्याला प्रत्येक टेबलावरून "आली का हो?" आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना तुम्ही दर वेळी नव्याने चिडता. त्यात कोणी "केस टाका" म्हणतं, कोणी स्वतःची जुनी हरवलेली बॅग घेऊन बसतं. माझं सरळ मत, गोष्ट एकदाच सांगायची, तीही बसच्या माइकवरून. टूर मॅनेजरला सांगा, सकाळी एकच अनाउन्समेंट कर, "यांची बॅग अजून वाटेवर आहे, आली की सगळ्यांना चॉकलेट देणार आहेत." विषय संपतो. आणि कोणी काकू स्वतःचा स्वेटर पुढे करतील तर नको नको न करता घ्या. घरी रोज एकच मेसेज, उन्हाळ्यात भारतातलं घड्याळ पॅरिस-स्वित्झर्लंडच्या साडेतीन तास पुढे असतं, तुमच्या रात्री अकराच्या रडगाण्याने आईची अडीचची झोप उडवू नका.

जुंगफ्राऊवर, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या डोंगरावर रेल्वेने जातात तिथे, ढग आले तर कोणाशी भांडून उपयोग नाही, ग्रुपची तिकिटं आधीच काढलेली असतात, जावंच लागतं. सकाळी वेबकॅम बघून घ्या म्हणजे वर जाऊन धक्का बसत नाही. वर गेल्यावर लोक प्लॅटफॉर्मवर ढगाकडे बघत गारठतात, तसं करू नका, आधी आत हिमनदीत कोरलेला आइस पॅलेस बघा आणि निघायच्या आधी परत एकदा वर या, कधी कधी तेवढ्यात पाच मिनिटं उघडतं. नाही उघडलं तरी १८९६ ला कामाला सुरुवात करून १९१२ ला या लोकांनी आयगर डोंगराच्या पोटातून इथवर रेल्वे आणली, तो बोगदा ढगातही दिसतोच की. आणि ३४५४ मीटरवर हळू चाला. तिथे चिडचिड होते ती अर्धी वेळा विरळ हवेमुळे असते, खाली उतरल्यावर नवऱ्याशी भांडण आपोआप मिटतं.

बस अडकली, उशीर झाला, की ड्रायव्हरला "जरा दामटव" म्हणणारे असतातच. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास ब्रेक घ्यावाच लागतो, सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर, नोंदलं जातं, दंड त्याला होतो. तेव्हा तो थांबला की खाली उतरून कॉफी प्या. डबे उघडायची वेळ हीच, चकल्या फिरवल्या की निम्मी बस शांत होते.

पासपोर्ट गेला तर मात्र मूडबिड विसरा. पोलिस रिपोर्ट, मग भारतीय दूतावास. तिथून मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं असतं, त्यावर पुढचे देश होत नाहीत. अशा माणसाला "हसत राहा" म्हणू नका, त्याच्यासोबत पोलिस स्टेशनला जा.

उरलेला राग शेवटच्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्मवर काढा, तारीख आणि गावासकट, "सगळं छान" लिहून घरी येऊन बोंबलू नका. उशिरा आलेल्या बॅगेचा लेखी क्लेम ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत एअरलाइनकडे जायला हवा, फुटलेली असेल तर ७ दिवसांत, म्हणून घरी आल्यावर फोटो लावत बसण्याआधी ती बिलं स्कॅन करा.