तीर्थनवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग: पहिल्या वेळची तयारी

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगला, म्हणजे कीटकासारख्या दिसणाऱ्या नकली माशीने ट्राउट मासा पकडायला, सुरुवात करायची असेल, तर सामानाच्या आधी तारखा ठरवाव्यात. ब्राउन ट्राउट इथला मूळचा मासा नव्हे. इंग्रजांच्या काळात, १९०९ च्या सुमारास, कुल्लू खोऱ्यात त्याची पैदास सुरू झाली आणि इथल्या थंड, खळाळत्या पाण्यात तो रुळला. थंडीच्या दिवसांत तो तळाच्या खडीत अंडी घालतो, म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. उरलेल्या महिन्यांपैकी मे-जूनमध्ये वितळत्या बर्फाने पाणी चढते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने गढूळ होते, तेव्हा नवशिक्याने मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाच काळ धरावा. राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा आणि तो घेतानाच किती व केवढे मासे ठेवता येतात, हे विचारून घ्यावे.

सामान थोडकेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. साडेआठ ते नऊ फुटी, ४ किंवा ५ वजनाचा (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक) रॉड, त्याच वजनाची तरंगती दोरी, साधे रीळ, टोकाकडे निमुळते होत जाणारे नऊ फुटी लीडर (दोरी आणि माशी यांना जोडणारा बारीक दोरा) आणि १२ ते १६ क्रमांकाच्या गळांवर बांधलेल्या मोजक्या नकली माश्या एवढ्यावर काम भागते. पृष्ठभागासाठी अ‍ॅडम्स व एल्क हेअर कॅडिस, पाण्याखालून वाहू देण्यासाठी फेझंट टेल आणि हेअर्स इअर या नावांच्या माश्या पुरेशा आहेत. प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. पोलराइज्ड चष्मा चैनीची वस्तू समजू नये, कारण पाण्यावरची चकाकी गेल्याशिवाय तळ दिसतच नाही.

खरी तयारी मात्र हाताची आहे. खाडीवर किंवा धरणावर गळ टाकणाऱ्यांना शिसे आणि आमिष यांच्या वजनाने दोरी लांब नेण्याची सवय असते. इथे माशीला वजन जवळजवळ नसतेच, जाड दोरीचे वजनच तिला पुढे नेते. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधीपासून, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, मैदानावर रोज थोडा वेळ सराव करावा. रॉड घड्याळातल्या दहा आणि दोनच्या दरम्यानच फिरावा, मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबावे आणि मगच हात पुढे आणावा. बहुतेकांची फेक बिघडते ती या थांबण्यातच. काठावर झाडी असल्याने मागे जागा मिळत नाही, यासाठी रोल कास्टही (दोरी मागे न नेता पाण्यावरूनच पुढे टाकण्याची फेक) शिकून घ्यावा. लीडरला माशी बांधायची सुधारित क्लिंच गाठ अंधुक उजेडातही बांधता यावी: दोरा गळाच्या नेढ्यातून ओवावा, त्याच दोऱ्याभोवती टोकाचे पाच वेढे द्यावेत, टोक नेढ्याजवळच्या फटीतून व मग त्याने तयार झालेल्या मोठ्या फटीतून काढावे आणि ओला करून हळू आवळावे, कारण कोरडी गाठ घर्षणाने कमजोर होते.

पाण्यावर गेल्यावर ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो हे लक्षात ठेवून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, म्हणजे त्याच्या मागून, जावे. मोठ्या धोंड्यांमागचे संथ पाणी आणि त्याच्या कडेने धावणारा वेगवान प्रवाह यांच्या सीमेवर माशी टाकावी. मधला प्रवाह दोरीला ओढू लागला की माशी अनैसर्गिक घसरते आणि मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. रॉड उंच धरून जमेल तेवढी दोरी पाण्याबाहेर ठेवावी, फेकही आखूडच करावी. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून, तो पाण्यातच ठेवून गळ काढावा. त्यासाठी चिमटा आणि रबरी जाळी जवळ असावी. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल तर गळ टाकूच नये, दमलेला मासा सोडल्यावरही जगत नाही.

तळाचे गोल दगड शेवाळाने निसरडे असतात. चांगली पकड असलेले बूट घालावेत, आधाराला काठी घ्यावी, गुडघ्यापलीकडच्या पाण्यात उतरू नये. वर डोंगरात पाऊस दिसला किंवा पाण्याचा रंग बदलला की लगेच काठावर यावे. पहिले दोन दिवस तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणी गावाच्या आसपासच्या एखाद्या जाणकार वाटाड्यासोबतच काढावेत.