एमबीबीएसला सीट लागली, आता कॉलेज कसं ठरवायचं

सीट लागल्याचं कळलं की त्या दिवशी पेढे, फोन, स्टेटस सगळं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरी पंचाईत सुरू होते, की हे घ्यायचं का प्रवेशाच्या पुढच्या राउंडला थांबायचं. हातात जेमतेम चार-पाच दिवस. काका म्हणतात पुणे सोडून कुठे जाऊ नको, आई म्हणते घराजवळचं बघ, क्लासचे सर म्हणतात ज्याचा कटऑफ वर ते डोळे झाकून घे. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, आता मेडिसिनला रेसिडेन्सी, म्हणजे पुढचं पीजीचं शिक्षण, करतेय, आणि दरवर्षी या दिवसांत गावाकडच्या पोरापोरींचे आणि त्यांच्या वडलांचे फोन येतात, सगळ्यांना तेच सांगते म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

ॲडमिशन कॉलेजात होते पण डॉक्टर आपण हॉस्पिटलात होतो. त्यामुळे बिल्डिंग, कॅम्पस, वेबसाइटवरचे फोटो हे सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा, तिथे पेशंट किती येतात आणि त्या पेशंटला हात लावायला मला मिळणार का. मुंबईचं केईएम आणि जेजे, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी यांचा कटऑफ वर्षानुवर्षं वर असतो त्याला कारण आहे. जेजेचं ग्रँट मेडिकल १८४५ चं, केईएमचं जीएस १९२६ चं, ससूनचं बीजे १९४६, नागपूर १९४७, घाटी १९५६. म्हणजे कितीतरी पिढ्या आजूबाजूची माणसं 'इथे नाही जमलं तर तिकडे न्या' म्हणून तिथेच येतायत, आणि त्या गर्दीनेच तिथले डॉक्टर घडलेत. पण हीच गोष्ट अंबाजोगाईलाही आहे, गाव केवढंसं पण ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं मेडिकल कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं आणि खेड्यापाड्यांतून पेशंट तिथे येतात, तरी पोरं लिस्टमध्ये ते खाली टाकतात कारण गाव लहान, थिएटर नाही, मॉल नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटतं.

पेशंट म्हणजे काय ते एक सांगते. इंटर्नशिपला असताना रात्री अडीचला कॅज्युअल्टीत एक शेतकरी आला, पाणी द्यायला गेला होता, पायाला घोणस चावलेली, पाय टम्म सुजलेला, हिरड्यांतून रक्त येतंय. जेआर सर, म्हणजे ड्यूटीवरचे रेसिडेंट डॉक्टर, दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले. सिस्टरनी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची सुई, माझ्या हातात दिली, वॉर्डच्या मामांनी टॉर्च धरला, शीर मिळाली, दोन एमएल रक्त काढून कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घातलं आणि न हलवता वीस मिनिटं ठेवलं. वीस मिनिटांनी ट्यूब आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. मग सर आले, एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू झालं. ही टेस्ट पुस्तकात दोन ओळींची आहे, मी ती त्या आधी तीनदा पाठ केली होती, पण ट्यूब आडवी करताना हात कसा होतो ते त्या रात्री कळलं आणि आता जन्मात विसरणार नाही. असं शिकायला मिळेल का, हे बघून कॉलेज ठरवा.

आता हे बघायचं कसं, तर एक दिवस काढा आणि जा. शक्यतो सोमवार-मंगळवार, सकाळी नऊच्या सुमारास केसपेपरच्या खिडकीसमोर अर्धा तास उभं राहा. लाइन किती आहे, माणसं कुठून कुठून आलीत, विचारा त्यांना, लोक सांगतात. बाहेर ॲम्ब्युलन्स उभ्या असतात त्यांच्यावर कुठल्या कुठल्या तालुक्यांची नावं आहेत वाचा. कॅज्युअल्टीच्या दारातून नुसतं बघून या, आत घुसू नका, तिथे लोकांची कामं चालू असतात. मग कँटीनला किंवा गेटबाहेरच्या टपरीवर जा, ॲप्रन घातलेले इंटर्न चहा पीत असतात, त्यांना विचारा. ऑफिसमध्ये किंवा ॲडमिशनच्या टेबलावर विचारून उपयोग नाही, तिथे सगळं छानच असतं. इंटर्नना 'कॉलेज कसं आहे' असं विचाराल तर 'ठीक आहे' एवढंच म्हणतील, म्हणून नेमकं विचारा: तुम्ही स्वतः किती डिलिव्हऱ्या केल्या, टाके घालायला देतात का, का नुसतं सकाळचं रक्ताचं कलेक्शन आणि रिपोर्ट आणायची धावपळ, फायनल इयरला बेडसाइड क्लिनिक, म्हणजे पेशंटच्या खाटेशी उभं राहून शिकवणं, रोज होतात का आणि घेतं कोण. फायनल इयरचं क्लिनिक नियमित घेणारे दोन-चार जुने सर-मॅडम जिथे आहेत ते कॉलेज सोन्यासारखं आहे, मग बिल्डिंग गळकी का असेना.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या जुन्या कॉलेजात पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकणारे डॉक्टर, भरपूर असतात, त्यामुळे प्रोसिजर आधी त्यांच्या वाट्याला जातात, इंटर्नला कमी मिळतं, पण शिकवणारे खूप असतात, रात्री दोनलासुद्धा शंका विचारायला कुणीतरी जागं असतं. नवीन कॉलेजात उलटं, पीजी नसतात किंवा मोजके असतात, सगळं तुम्हालाच करायला मिळतं पण चुकतंय का बरोबर हे सांगायला शेजारी कुणी नसतं. मला स्वतःला मधलं आवडतं, वीस ते चाळीस वर्षं जुनं, पीजी आहेत पण खचाखच नाहीत असं. म्हणजे कोल्हापूर, लातूर, अकोला, धुळे, यवतमाळ, नांदेड ही सगळी या मापातली आहेत, यातलं लागलं तर मुंबई-पुणे हुकलं म्हणून रडत बसू नका.

नवीन सरकारी कॉलेजांबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग, सातारा, धाराशिव, परभणी, रत्नागिरी आणि मग २०२४ ला एकदम दहा, जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली वगैरे. यातली बरीचशी जिल्ह्याच्या सिव्हिलला जोडून आहेत, आणि सिव्हिल काही काल उघडलेलं नाही, पेशंट तिथे आधीपासून आहेतच. अडचण असते ती शिक्षकांची आणि जागेची. म्हणून तिथे वेगळे प्रश्न विचारायचे: ॲनाटॉमीला डिसेक्शनसाठी बॉडी किती आहेत आणि एका टेबलाला किती पोरं, शिक्षक कायमचे आहेत का दुसऱ्या कॉलेजातून तात्पुरते आलेत, होस्टेल स्वतःचं आहे का भाड्याच्या बिल्डिंगमध्ये, हॉस्पिटल आणि कॉलेज यात किती किलोमीटर. पहिल्या वर्षाचे ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री थोडं कमी शिकवलं तरी जिद्दीने स्वतः भरून काढता येतं, आणि तुम्ही फायनलला पोचेपर्यंत तीन वर्षांत कॉलेजही सावरतं. त्यामुळे नवीन सरकारी का महागडं खाजगी असा प्रश्न असेल तर मी न थांबता नवीन सरकारी म्हणते.

पैशाचं मोकळेपणाने बोला, घरात सगळे मिळून, पोरांसमोर. डीम्डला, म्हणजे अभिमत विद्यापीठांत, वर्षाला वीस लाखांच्या वर फी असलेली कितीतरी कॉलेजं आहेत, साडेचार वर्षांची बेरीज केली की कोटीच्या घरात जातं, आणि त्यात मेस-होस्टेल वेगळं. मी हात जोडून सांगते, यासाठी रान विकू नका. एमबीबीएसनंतर पीजीला परत नीटची परीक्षा द्यावीच लागते आणि त्या पेपरात कॉलेजचं नाव विचारत नाहीत. राज्यातल्या खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, ती त्यांच्या साइटवरूनच बघा, एजंटच्या तोंडून नको, आणि इन्स्टिट्यूट कोट्याची, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वाट्यातल्या जागांची, फी त्याच्या कितीतरी पट असते हे लक्षात ठेवा. मुलींसाठी २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसीमध्ये घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची माफी आहे, ती डीम्डला मिळेल असं गृहीत धरून हिशेब करू नका. कॉलेजात जाऊन एक प्रश्न विचाराच, की शिष्यवृत्तीवाल्यांकडून आधी पूर्ण फी भरून घेता का, कारण महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे यायला वेळ लागतो आणि मधल्या काळात आईबापांची ओढाताण होते.

बाँडची भीती घेऊ नका पण समजून घ्या. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलं की एक वर्ष सेवा द्यायची, नाही दिली तर दहा लाख भरायचे. ते वर्ष बहुधा पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर म्हणून जातं, पगार मिळतो आणि पेशंट एकट्याने बघायची सवय होते, मला त्यात वाया गेलं असं काही दिसत नाही. ऑल इंडिया कोट्यातून, म्हणजे सरकारी कॉलेजांतल्या देशभरासाठी ठेवलेल्या १५ टक्के जागांतून, दुसऱ्या राज्यात सीट लागली असेल तर तिथला बाँड तिथला नियम, किती वर्षं आणि किती दंड ते घेण्याआधी वाचा. आणि भाषा! पेशंटची हिस्ट्री त्याच्याच भाषेत घ्यावी लागते, 'कधीपासून दुखतंय, आधी थंडी वाजून ताप आला होता का' हे तमिळ-मल्याळममध्ये विचारायची तयारी आहे का. पोरं शिकतात, सहा-आठ महिन्यांत शिकतात, पण मनाची तयारी हवी. तसं तर नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या वॉर्डात पुण्याच्या पोरालाही पहिले दिवस कानात प्राण आणूनच ऐकावं लागतं.

दोन ठिकाणं वेगळी काढते. सेवाग्रामचं एमजीआयएमएस, तिथे खादी घालायची, सुरुवातीलाच आश्रमात राहायचं, बॅचने एक गाव घ्यायचं, ही शिस्त मनापासून पटत असेल तर तिथल्यासारखं कम्युनिटी मेडिसिन शिकायला मिळणं भाग्य आहे, आणि पटत नसेल तर नुसत्या नावासाठी जाऊ नका. आणि पुण्याचं एएफएमसी, ते घेणं म्हणजे लष्करातली नोकरी घेणं आहे, कॉलेज नाही, तेव्हा तो निर्णय तेवढाच मोठा समजून घ्या.

घराचं अंतर हा प्रश्न मुलींच्या घरी जास्त येतो. साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, इतका काळ आहे. रात्रीची एसटी किंवा रेल्वे आहे का, हॉस्पिटलपासून होस्टेलपर्यंतच्या रस्त्याला लाइट आहेत का, नाइट ड्यूटीहून पोरी एकट्या येतात का, हे सेकंड इयरच्या मुलींना विचारा, त्या खरं सांगतात. रॅगिंगचंही त्यांनाच विचारा.

आता नियमांचं, कारण इथे चूक झाली की वर केलेला सगळा विचार पाण्यात जातो. राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या राउंडमध्ये जॉइन झाल्यावर स्टेटस रिटेन्शन फॉर्म असतो. तो भरला की तुम्ही पुढच्या राउंडमधून बाहेर, आहे ती सीट पक्की. नाही भरला तर पुढच्या राउंडला तुमच्या लिस्टमधलं वरचं काही रिकामं झालं की ते मिळतं आणि आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. माझ्या मावसबहिणीचं असं झालं. घरापासून पन्नास किलोमीटरवर मनासारखं सरकारी कॉलेज मिळालं, सगळे खूश, आणि फॉर्मकडे कुणी लक्षच दिलं नाही. लिस्ट भरताना मात्र तिने वर एक लांबचं कॉलेज सहज टाकलेलं, कटऑफ जास्त होता म्हणून. दुसऱ्या राउंडला तेच लागलं, चारशे किलोमीटर लांब, हॉस्पिटल आधीच्यापेक्षा लहान, आणि जवळचं गेलं. मावशी आठवडाभर नीट जेवली नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही ते नाव लिस्टमध्ये मिळालेल्या कॉलेजच्या वर ठेवूच नका.

ऑल इंडिया कोटा आणि डीम्डचे प्रवेश बघणाऱ्या एमसीसीचं वेगळं आहे, तिथे पहिल्या राउंडला फ्री एक्झिट, म्हणजे काही न गमावता सीट सोडता येते, दुसऱ्याला सोडलं तर डिपॉझिट जातं, तिसऱ्याला जॉइन झालात की मग सोडता येत नाही आणि राज्याच्या राउंडलाही बसता येत नाही. नियम थोडेफार बदलत राहतात, या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. जुन्या लोकांचे सल्लेही जरा तपासून घ्या, २०२० पर्यंत आपल्याकडे ७०-३० चा विभागीय कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, तेव्हाचे 'आपल्याला तिकडचं लागतच नाही' हे हिशेब आता चालत नाहीत.

जॉइन व्हायला जाताना ओरिजिनल कागद कॉलेजात जमा होतात, म्हणून आदल्या दिवशीच सगळ्याचं स्कॅन करून ठेवा आणि झेरॉक्सचे निदान पाच सेट काढा, दहावी-बारावी, नीटचं स्कोअरकार्ड, टीसी, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र आणि व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमी लेयर, मेडिकल फिटनेस, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. डीडी कुणाच्या नावाने काढायचा ते कॉलेजच्या नोटिशीतून शब्दन् शब्द उतरवून बँकेत न्या, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आणि डीडीच्या मागे पेन्सिलने आपलं नाव आणि नीटचा रोल नंबर लिहून ठेवा.