टीम हरली त रात्र कशी काढावी, आन् मंग काय करावं

9 डिसेंबर 2022 ले मी वावरात होतो. रातची लाइन होती, हरभऱ्याले पाणी सोडलं होतं आन् मोटरच्या खोलीत भिंतीले मोबाइल टेकवून फुटबॉल वर्ल्ड कपची ब्राझील-क्रोएशिया मॅच पाहून राहिलो होतो. माही टीम ब्राझील. एक्स्ट्रा टाइममधे नेमारनं गोल मारला तवा मी एकटाच असा ओरडलो की धुऱ्यावरचं कुत्रं भुंकाले लागलं. मंग 117 व्या मिनिटाले क्रोएशियाच्या पेटकोविचनं बरोबरी केली, पेनल्टीत रॉड्रिगोचा शॉट अडवला, मार्किन्होसचा खांबाले लागला, खतम. नेमारले पेनल्टी मारायची पाळीच आली नाई. मी तसाच बसून राहिलो आन् तिकडे दांड फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं.

म्हून पहिली गोष्ट हेच सांगतो, की शिट्टी वाजल्यावर उठा. बसून राहाल त तेच तेच डोक्यात फिरते. पाणी पाहा, बैलाले चारा टाका, काहीच नसन त गावाच्या फाट्यावरी चालत जाऊन या. आन् जेवा. मॅचच्या टेन्शनमधे लोकं संध्याकाळपासून नुसता खर्रा खात राहतात, पोटात अन्न नसते, मंग झोप कुठून येईन.

दुसरं म्हंजे मोबाइलचा डेटा बंद करा. समोरच्या टीमवाले दोस्त ग्रुपवर चिडवतीलच, चिडवू द्या, आपणही त्यायले चिडवलं असते. पण त्या रात्री उत्तर लिहू नका, आन् आपल्या प्लेअरले त बिलकुल शिव्या लिहू नका, कारण ते गंमत राहत नाई. 1994 च्या वर्ल्ड कपमधे कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच गोलमधे बॉल गेला, आन् घरी परतल्यावर थोड्याच दिवसात, 2 जुलैले, मेडेयिनमधे त्याले गोळ्या घालून मारलं. 2021 च्या युरो फायनलमधे पेनल्टी हुकली म्हून इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सांचो, साका या तिघायले रंगावरून काय काय लिहिलं लोकायनं, साका तवा 19 वर्षाचा पोट्टा होता. माणूस चुकला म्हून तो आपला दुश्मन होत नाई भाऊ.

पैसे लावून मॅच पाहत असाल त ते आधी सोडा, ते दुःख येगळंच असते आन् त्याच्यावर माझ्याकडं उपाय नाई.

घरात लेकरू रडून राहिलं असन त त्याले "तुह्यं काय जाते त्यात" असं म्हणू नका. हे वाक्य मी लहानपणी ऐकलंय, लय लागते ते. जवळ घ्या, रडू द्या. 1950 च्या वर्ल्ड कपमधे मारकाना मैदानात उरुग्वेनं ब्राझीलले 2-1 नं हरवलं तवा पेले नऊ वर्षाचा होता, रेडिओपाशी आपला बाप रडताना त्यानं पाह्यला आन् बापाले म्हणला की मी तुह्यासाठी वर्ल्ड कप जिंकीन. 1958 मधे, 17 व्या वर्षी, त्यानं जिंकून आणला.

सकाळी उठल्यावर हे पाहा की टीम हरली का बाहेर गेली, या दोन गोष्टी येगळ्या आहेत. 22 नोव्हेंबर 2022 ले अर्जेंटिना सौदी अरबकडून 2-1 हरली, आमच्या पानठेल्यावर त लोकायनं मेस्सीले घरी पाठवूनही टाकलं, पण ग्रुपच्या दोन मॅच बाकी होत्या आन् 18 डिसेंबरले कप त्यायनंच उचलला. तवा पॉइंट टेबल काढा, कोण कोणासंग खेळणार हाय ते कागदावर मांडा, हिशेब करता करता जीव थाऱ्यावर येते.

आता जे मले सगळ्यात जास्त कामी आलं ते. तीच मॅच परत पाहा. त्या आठवड्यात नाई, जखम वाळू द्या, पण पाहा, अन् पूरी पाहा, हायलाइट नाई. 8 जुलै 2014 ले वर्ल्ड कपमधे जर्मनीनं ब्राझीलले 7-1 नं हरवलं, त्याच्यानंतर मी दोन वर्ष त्या मॅचचं नाव काढलं तरी उठून जात होतो. मंग एका दुपारी दार लावून पाह्यली. थियागो सिल्वा कार्डामुळं बाहेर, नेमारचं पाठीचं हाड मोडलेलं, आन् 23 ते 29 या मिनिटांत चार गोल. पहिल्या वेळी मले ते आभाळ फाटल्यासारखं वाटलं होतं, दुसऱ्या वेळी दिसलं की मागं माणसंच नाईत, सगळे पुढं धावून राहिले, बॉल गेला की मधला सगळा मैदान खाली, जर्मनीच्या क्रूसले अडवाले कोणीच नाई. क्रोएशियाच्या मॅचमधेही तेच, एका गोलनं पुढं असून, तीन-चार मिनिटं राहिली असताना, माणसं वरती, आन् क्रोएशियाचा गोलवर गेलेला पहिलाच शॉट आत. हे समजलं ना की "काऊन झालं, काऊन झालं" हे जे छातीत ठोकत राहते ते थांबते. दुःख राहते, पण मंग झोप लागते.

आपल्या भारताचं मात्र येगळं हाय. 11 जून 2024 ले दोहात कतारविरुद्ध छांगतेच्या गोलनं आपण पुढं होतो, 73 व्या मिनिटाले बॉल लाइनच्या बाहेर गेला, त्यायनं आत ओढून गोल केला आन् रेफरीनं दिला, तिथं व्हीएआर, म्हंजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. आपण 2-1 हरलो आन् वर्ल्ड कप क्वालिफायरच्या तिसऱ्या राउंडले पहिल्यांदा जायची संधी गेली. हे दुःख नाई, हा राग हाय, आन् राग मॅच परत पाहून जात नाई, मी पाहून बसलो. रागाले पायात उतरवा लागते. सोयाबीन निघाल्यावर मोकळं पडलेलं वावर पाहा, ढेकलं फोडा, चार काठ्या रोवा आन् पोट्टे जमवून खेळा. जमलं त एखाद्या रविवारी कामठीले जा, तिथं फुटबॉल पिढ्यायपासून हाय. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मधे झोपडपट्टीतल्या पोरायले घेऊन स्लम सॉकर सुरू केलं, ते पावसात फुटकी बकेट लाथाडून खेळणारी पोरं पाहून. खेळाले लागते किती, हे तिथं दिसते.

जर्सी फेकू नका, धुऊन ठेवा. आन् पुढच्या मॅचची तारीख शोधून कॅलेंडरवर लिहा, फ्रेंडली असली तरी लिहा. आमच्या घरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात दुधाचा हिशेब असते, लाइनचा टाइम असते, त्याच्याच खाली मी बारीक अक्षरात लिहितो, ब्राझील, रात्री इतके वाजता, आन् त्या रातची पाण्याची पाळी शेजाऱ्यासंग आधीच बदलून घेतो.