केपच्या जुन्या द्राक्षमळ्यावर मुक्काम करताना

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील स्टेलेनबॉश, पार्ल आणि फ्रान्सहूक या गावांच्या परिसरात तीनशे वर्षांहून जुने असे कित्येक द्राक्षमळे आजही पिकते आहेत आणि त्यांपैकी काहींवर पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय आहे. बोशेंडाल १६८५चा, तर स्पियर आणि बॅबिलोनस्टोरेन हे दोन्ही १६९२चे. अशा ठिकाणी खोली ठरवताना बहुतेक जण आधी पोहण्याचा तलाव आणि खिडकीतून दिसणारा डोंगर पाहतात. माझ्या मते आधी मळ्यातले काम पाहावे आणि मुक्काम त्या कामाभोवती बेतावा, कारण चांगले हॉटेल कुठेही मिळते. चालता मळा आतून पाहायला मिळणे दुर्मीळ.

त्यामुळे पहिला प्रश्न तारखेचा. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, म्हणून केपमध्ये द्राक्षांची काढणी साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत चालते. फसफसणाऱ्या वाइनची द्राक्षे सर्वांत आधी खुडतात, कारण त्यांत आंबटपणा टिकून असावा लागतो. गर्दी टाळायची असेल आणि तरीही वेलीवर काही पाहायचे असेल, तर मण्यांत पाणी उतरून काळ्या जाती रंग धरू लागतात तो डिसेंबरअखेर-जानेवारीचा काळ निवडावा. जून ते ऑगस्ट हे पावसाचे आणि छाटणीचे महिने. तेव्हा वेल निष्पर्ण असतात. सप्टेंबरमध्ये वेलींना नवे कोंब फुटतात. उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो, ज्याला तिथले लोक ‘केप डॉक्टर’ म्हणतात, तेव्हा भर उन्हाळ्यातही अंगावर घ्यायला काहीतरी जवळ असू द्यावे.

खोली ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: वाइन याच मळ्यावर तयार होते का, काढणीच्या दिवसांत पाहुण्यांना वाइन आंबवतात त्या तळघरात नेतात का, आणि खोली मूळ जुन्या वास्तूत आहे की नव्या बांधकामात. चुन्याने रंगवलेल्या जाड भिंती, वळणदार दर्शनी त्रिकोण आणि गवताचे छप्पर असलेली केप डच घरे उन्हाळ्यात आतून गार राहतात. मात्र अशा घरात पायऱ्या आणि उंबरे फार, तेव्हा सोबत वयस्कर मंडळी असतील तर ते आधीच सांगावे. गवताच्या छपराखाली उघडी ज्योत लावू नये, हे वेगळे सांगायला नको. मुक्काम किमान दोन रात्रींचा असावा. एकाच रात्रीत येण्याजाण्याच्या धावपळीतच वेळ जातो आणि पहाट हातची निसटते.

खरा मळा पहाटेच दिसतो. उष्णतेने फळ तापू नये म्हणून खुडणी गारव्यात, काही ठिकाणी तर रात्रीच सुरू होते. आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावे, उजाडण्याआधी बंद बूट घालून निघावे आणि ओळीत शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कारण कुठे फवारणी झाली आहे हे मळ्यातल्या माणसांनाच ठाऊक असते. परवानगी मिळाली तर एक मणी तोंडात धरून पाहावा. तो खाण्याच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा, बियांनी भरलेला आणि अनपेक्षित गोड लागतो. बी तळव्यावर काढावी: हिरवट असेल तर फळ अजून कच्चे, तपकिरी आणि चावताना कुरकुरीत असेल तर पक्व. साखर मोजायला यंत्र असते, तरीही अनुभवी माणूस ही परीक्षा सोडत नाही.

तळघरात मात्र जपून वागावे. आंबवण सुरू असताना कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीत आणि खोलगट जागी साचतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. म्हणून वास घेण्यासाठी टाकीवर कधीही वाकू नये आणि मुलांचा हात सोडू नये.

या मळ्यांचा इतिहास सांगताना घराण्यांची नावे भरपूर येतात, पण हे मळे उभे राहिले ते गुलामांच्या श्रमावर. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियाच्या बेटांबरोबरच बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरूनही माणसे इथे विकत आणली गेली. १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, तरी सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे शिकाऊ म्हणून जुन्या मालकाकडेच राबणे, १८३८पर्यंत चालली. पुढेही मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची प्रथा दीर्घकाळ टिकून राहिली. आवारात जुनी घंटा दिसली, तर ती कोणासाठी वाजत असे आणि ती माणसे कुठे राहत, हे मार्गदर्शकाला अवश्य विचारावे. भारतातून गेलेल्या पाहुण्याने तर विचारावेच.

चव घेताना घोट थुंकून टाकण्यात कमीपणा नाही; त्यासाठीच भांडे ठेवलेले असते. गाडी चालवायची असेल तर अजिबात पिऊ नये. चेनँ ब्लाँ आणि १९२५मध्ये स्टेलेनबॉशला संकरातून निपजलेली पिनोटाज या दोन द्राक्षजातींच्या वाइन मळ्याच्या स्वतःच्या असतील तर आधी त्या मागाव्यात. पस्तीस वर्षे वा त्याहून जुन्या वेलींच्या काही वाइनवर लागवडीचे वर्ष नोंदवणारे प्रमाणचिन्ह असते. पहाटे ज्या ओळींतून चाललात त्याच तुकड्यातली अशी बाटली मिळाली, तर ती घ्यावी आणि परतताना हातातल्या पिशवीत न ठेवता कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवावी.