एक्सेलचे शॉर्टकट: अकाउंट्सच्या टेबलावर शिकलेलं

बी.कॉम. करून पुण्यातल्या एका सीएच्या ऑफिसात लागलो, तेव्हा बायोडेटात 'एक्सेल येतं' असं लिहिलं होतं. येत होतं ते बेरजेपुरतं. मार्चअखेरीला टॅलीतून काढलेली ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, समोर यायची. एखादी ओळ ठळक करायची तर हात माउसकडे जायचा आणि नजर वरच्या पट्टीकडे. परत येईपर्यंत कुठल्या खात्यावर होतो तेच सापडायचं नाही. शेजारच्या सीनियर ताई म्हणाल्या, "अरे, नजर आकड्यावरून हलवू नकोस, बाकीचं हातांना करू दे." शॉर्टकटने वेळ वाचतोच, पण मला विचाराल तर चुका टळतात हे जास्त मोलाचं.

ठळक, तिरपं, अधोरेखित करायचे कंट्रोल+बी, आय, यू सगळ्यांना येतात, त्यावर थांबत नाही. आधी सिलेक्ट करायला शिका. कंट्रोल+स्पेसने अख्खा कॉलम, शिफ्ट+स्पेसने अख्खी ओळ. कंट्रोल+शिफ्ट+खालचा बाण दाबला की भरलेल्या शेवटच्या सेलपर्यंत सिलेक्शन जातं. मध्ये रिकामा सेल आला तर मात्र तिथेच थांबतं.

मग आकडे. कंट्रोल+शिफ्ट+१ ने स्वल्पविराम आणि दोन दशांश, ४ ने चलन, ५ ने टक्के, ३ ने तारीख. हे आकडे अक्षरांच्या वरच्या ओळीतलेच दाबायचे, उजवीकडच्या नंबरपॅडवर चालत नाहीत. स्वल्पविराम लाखाऐवजी मिलियनच्या हिशेबाने पडत असतील, तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडा.

टक्क्यांपाशी नवीन मुलं हमखास अडकतात. जीएसटीचा दर म्हणून साध्या सेलमध्ये १८ लिहून मग कंट्रोल+शिफ्ट+५ दाबलं, की १८००% दिसतं. ०.१८ असेल तर १८%. आणि ०.१८५ असेल तर १९% दिसेल, पण आत ०.१८५च असतं आणि गुणाकारही त्यानेच होतो. फॉरमॅटने दिसणं बदलतं, किंमत बदलत नाही, हे एकदा पक्कं बसलं की अर्धी भीती जाते.

मला ते उशिरा कळलं. एका क्लायंटच्या कामगारांची पगाराची शीट करत होतो. काही खाते क्रमांक १६ आकडी होते. टाइप केल्यावर सेलमध्ये १.२३ई+१५ असलं काहीतरी दिसायला लागलं. मी कंट्रोल+शिफ्ट+१ दाबलं, पूर्ण आकडा दिसला, निश्चिंत झालो. एक्सेल फक्त १५ अंक सांभाळतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य घालतं, हे मला माहीत नव्हतं. बँकेने ती खाती परत पाठवली आणि त्या लोकांचे पगार लांबले. ते अजून मनाला लागतं. गेलेला अंक नंतर कुठल्याच फॉरमॅटने परत येत नाही. म्हणून खाते क्रमांक टाइप करण्याआधीच कॉलम सिलेक्ट करा, कंट्रोल+१ दाबा, नंबर टॅबमध्ये 'टेक्स्ट' निवडा. तीन-चार सेलच असतील तर आकड्याआधी एकेरी अवतरण चिन्ह टाकलं तरी भागतं.

एकच शॉर्टकट शिकायचा असेल तर हाच, कंट्रोल+१. फॉन्ट, बॉर्डर, अलाइनमेंट, सगळं त्या एका खिडकीत आहे. त्याच्या जोडीला एफ४: आत्ता केलेलं फॉरमॅटिंग पुन्हा करतो. एका उपबेरजेला पिवळा रंग दिला, की पुढच्या उपबेरजेवर जाऊन फक्त एफ४. लॅपटॉपवर बऱ्याचदा सोबत एफएन दाबावं लागतं.

सेलमध्ये नुसते #### दिसले की घाबरू नका, बहुतेक वेळा कॉलम अरुंद असतो. ऑल्ट, एच, ओ, आय, एकामागून एक, सोडत सोडत दाबा. कॉलम मजकुराइतका रुंद होतो. ऑल्ट दाबल्यावर पट्टीवर अक्षरं उमटतातच, त्यामुळे पाठ करायची गरज नाही. खोडरेघेला कंट्रोल+५, ताळा घेताना जुळलेल्या नोंदीवर मी तीच मारतो. गूगल शीट्समध्ये त्यासाठी ऑल्ट+शिफ्ट+५ आहे.

सुरुवातीला आठवड्याला दोनच घ्या आणि त्या दोन कामांसाठी माउसला हात लावू नका. पहिले चार दिवस काम हळू होईल. साहेबांना तसं आधीच सांगून ठेवा.